बंदर आणि किनारा पाहायला निघण्यापूर्वी

किनारी शहरातील चालते बंदर आणि त्याच्या शेजारची चौपाटी एकाच दिवसात नीट पाहायची असेल, तर तयारीचा आरंभ पिशवी भरण्यापासून नव्हे, भरती-ओहोटीच्या कोष्टकापासून करावा. बहुतेक किनाऱ्यांवर सुमारे २४ तास ५० मिनिटांत दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात, म्हणजे वेळा रोज जवळजवळ ५० मिनिटांनी पुढे सरकतात. त्यामुळे मागच्या आठवड्यातील वेळा या आठवड्यात उपयोगी पडत नाहीत. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, पाणी अधिक चढते आणि अधिक उतरते. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा हा फरक कमी होतो. ज्यांचा बराच भाग पाण्याखाली असतो अशी मोठी जहाजे अनेक बंदरांत भरतीचे पाणी धरूनच आत येतात, तर वाळूचा रुंद पट्टा आणि खडकांमधील जिवंत डबकी ओहोटीलाच उघडी पडतात. म्हणून भरतीला बंदर आणि ओहोटीला किनारा, असा दिवसाचा क्रम ठरवावा. माझ्या मते या एका निर्णयावर उरलेली सगळी आखणी अवलंबून असते.

कोष्टक त्याच बंदराचे आहे ना आणि त्यातील वेळा स्थानिक घड्याळाप्रमाणे आहेत ना, हे तपासून घ्यावे. सोबत हवामानाचा अंदाजही पाहावा, कारण हवेचा दाब उतरलेला असेल आणि वारा किनाऱ्याकडे जोराने वाहत असेल, तर पाणी कोष्टकातील अंकापेक्षा वर चढू शकते.

दुसरे काम प्रवेशाची चौकशी करण्याचे. आंतरराष्ट्रीय वाहतुकीच्या जहाजांसाठी आणि बंदरांसाठी असलेली सुरक्षा संहिता १ जुलै २००४ पासून लागू झाली, आणि तेव्हापासून मालवाहू धक्क्यांवर परवानगीवाचून सहसा कोणालाही सोडत नाहीत. बंदर दाखवणारी अधिकृत फेरी उपलब्ध आहे का, तिच्यासाठी आधी नाव नोंदवावे लागते का आणि कोणते ओळखपत्र चालते, हे बंदर प्रशासनाकडे विचारावे. आत जाणे शक्य नसेल तर प्रवासी फेरीबोट, लोकांसाठी खुला असलेला लाटारोधक बांध किंवा जवळची एखादी उंच जागा शोधून ठेवावी. जहाजांची ये-जा तिथून अनेकदा धक्क्यापेक्षा चांगली दिसते. छायाचित्रण आणि ड्रोन यांविषयीचे नियम मात्र आधीच विचारावेत, विशेषतः शेजारी नौदलाचा तळ असेल तर.

मासेमारीच्या धक्क्यावर जाणे तुलनेने सोपे असते, आणि नेमके म्हणूनच तिथे अधिक जपून वागावे लागते. ओल्या, तेलकट फरशीवर न घसरणारे, पुढून बंद असलेले बूट घालावेत; चपला किनाऱ्यासाठी पिशवीत ठेवाव्यात. बांधलेल्या जहाजाचा ताणलेला दोर कधीही ओलांडू नये आणि त्याच्या रेषेत उभेही राहू नये, कारण कृत्रिम धाग्याचा दोर ताणाखाली लांबतो आणि तुटला तर जीवघेण्या वेगाने मागे फटकारतो. माल उतरत असताना, लिलाव चालू असताना वाटेत थांबू नये, आणि कोणाचे छायाचित्र घ्यायचे तर आधी विचारावे. ही माणसांची कामाची जागा आहे आणि त्यांचा प्रत्येक मिनिट पाण्याच्या व बाजाराच्या वेळेशी बांधलेला असतो.

दुर्बीण अवश्य घ्यावी. सातपट मोठे दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची दुर्बीण समुद्रावर सोयीची पडते, कारण त्याहून फार मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीत हाताच्या कंपाने चित्र स्थिर राहत नाही. काय पाहायचे, हेही आधी वाचून ठेवावे. जहाजाच्या मध्यभागी, दोन्ही बाजूंना, वर्तुळ आणि त्याशेजारी आडव्या रेषा असतात. कोणत्या पाण्यात, कोणत्या ऋतूत जहाज किती खोलवर भरता येते, ते त्या सांगतात, आणि त्या रेषा पाण्यापासून किती वर आहेत हे पाहिले की माल भरला आहे की रिकामा झाला आहे, याचा अंदाज येतो. उभ्या दोन भागांत अर्धा पांढरा आणि अर्धा तांबडा असा झेंडा दिसला, तर बंदराचा वाटाड्या, म्हणजे पायलट, जहाजावर आहे असे समजावे. जहाजांची जागा दाखवणारे एखादे ॲपही फोनवर घेऊन ठेवावे, परंतु लहान होड्या त्यात बहुधा दिसत नाहीत, हे ध्यानात असू द्यावे.

किनाऱ्याची तयारी वेगळी. पोहायचे असेल तर जीवरक्षक असलेलाच भाग निवडावा. अनेक देशांत वरचा अर्धा भाग तांबडा आणि खालचा पिवळा असलेल्या दोन झेंड्यांमधील पाणी त्यांच्या देखरेखीखाली असते, आणि नुसता तांबडा झेंडा असेल तर पाण्यात उतरू नये. बंदराच्या तोंडाजवळ आणि बांधाला लागून पोहू नये, कारण तिथे बोटींची वाट असते आणि बांधाच्या कडेने समुद्राकडे ओढणारा प्रवाहही तयार होतो. अशा प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झुंजत दमू नये. तरंगत राहून मदतीसाठी हात उंचवावा, आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर जाऊन प्रवाहाबाहेर पडावे. खडकांना वळसा घालून पलीकडच्या वाळूवर जायचे असेल, तर परतीची वेळ निघण्याआधीच ठरवावी. नियमित भरती-ओहोटीच्या किनाऱ्यावर पाणी चढण्याच्या साधारण सहा तासांपैकी तिसऱ्या आणि चौथ्या तासातच जवळजवळ निम्मी वाढ होते, आणि मागची वाट बघता बघता बुडते.

टोपी, पूर्ण बाह्यांचा सैल सदरा, दर दोन तासांनी पुन्हा लावता येईल इतके सनस्क्रीन आणि भरपूर पिण्याचे पाणी घ्यावे. वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही, पण त्वचा भाजतच असते. फोन जलरोधक पिशवीत ठेवावा, त्यात स्थानिक सागरी बचाव सेवेचा क्रमांक आधीच साठवावा, आणि कोणत्या भागात जात आहोत व किती वाजेपर्यंत परतणार आहोत, हे मागे राहणाऱ्या एका तरी माणसाला सांगून निघावे.