कराटेची गुरुपरंपरा लावायची कशी

पैठणच्या एकनाथांचे गुरू कोण, हे शोधायला कागदपत्रं लागत नाहीत. 'एका जनार्दनी' अशी सही ते अभंगातच करून ठेवतात, आणि जनार्दनस्वामी देवगिरीला होते हे आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असतं. कराटेत अशी सही क्वचितच सापडते. माबुनी केनवा यांची सापडते: इतोसु आणि हिगाओन्ना या दोन गुरूंच्या आडनावांचं पहिलं अक्षर घेतलं, त्यांचा जपानीतला दुसरा उच्चार केला, आणि शैलीचं नाव ठेवलं शितो-र्यू. बाकीच्या संस्थापकांची परंपरा मात्र ओळीओळीनं जुळवावी लागते.

क्लासच्या भिंतीवरचा तक्ता बहुधा एका उभ्या रेषेचा असतो, वर गुरू, खाली शिष्य. पहिली चूक तिथेच होते. संस्थापक सहसा दोघा-तिघांकडे शिकलेला असतो. म्हणून चार्ट पेपर नंतर आणा. आधी फुलस्केप वही आडवी धरून सहा रकाने आखा: शिष्य, गुरू, काय शिकला, कुठे, कोणत्या सालापासून कधीपर्यंत, आणि हे कोण सांगतं. एका नात्याला एक ओळ. शोतोकानच्या फुनाकोशी गिचिन यांना दोन ओळी लागतील, एक आसातो अंको यांची, एक वरच्याच इतोसु अंको यांची. सहावा रकाना रिकामा राहिला तर ती ओळ पेन्सिलीतच ठेवा. स्वतः संस्थापकानं लिहिलेलं सगळ्यात वजनदार, त्यानंतर त्याच्यासोबत शिकलेल्यांचं, मग शिष्यांचं. नातशिष्याच्या संस्थेनं छापलेलं माहितीपत्रक शेवटी.

नावं लिहिताना आडनाव आधी लिहा, नाहीतर घोळ होतो. फुनाकोशींच्या दोन्ही गुरूंचं नाव एकच आहे, अंको. नुसतं 'अंको सेन्सेई', म्हणजे 'अंको सर', लिहिलं की दोन माणसं एक होतात. उलटंही घडतं. हिगाओन्ना आणि हिगाशिओन्ना हे एकाच आडनावाचे दोन उच्चार, पण तक्त्यात दोन माणसं बनून बसतात. शिवाय १८५३ साली जन्मलेले हिगाओन्ना कानर्यो वेगळे आणि विसाव्या शतकातले गोजू-र्यूचे हिगाओन्ना मोरिओ वेगळे.

जपानी सन, म्हणजे सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष, दिसला तर मेइजीच्या आकड्यात १८६७ मिळवा, ताइशोत १९११, शोवात १९२५. शोवा ११ म्हणजे १९३६. जुन्या मजकुरातलं वय बहुधा जन्मालाच एक धरून मोजलेलं असतं, म्हणून एक-दोन वर्षांचा फरक आला तर घाबरू नका. सरकारी नोंदसुद्धा डोळे झाकून घेऊ नये. फुनाकोशींचा जन्म १८६८चा, पण वैद्यकीय शाळेच्या प्रवेशपरीक्षेला बसता यावं म्हणून नोंदीत १८७० लागलं, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लावलेली आपली किती माणसं आहेत!

आता वजाबाकी. गुरूचं मृत्यूचं साल आणि शिष्याचं जन्माचं साल समोरासमोर ठेवा. वादो-र्यूचे ओत्सुका हिरोनोरी (जन्म १८९२) कुठे इतोसुंचे थेट शिष्य म्हणून दिसले तर थांबा. इतोसु १९१५ साली वारले. ओत्सुका कराटे शिकले ते फुनाकोशी १९२२ साली तोक्योत आल्यानंतर, त्यांच्याकडून. मधली कडी गाळून थोर नावाला जोडून घेण्याचा मोह सगळीकडे दिसतो. आणखी वर गेलं की इतोसुंचे गुरू मात्सुमुरा सोकोन आणि त्यांच्या वर साकुगावा. मात्सुमुरांचा जन्म साधारण १८०९चा धरतात. साकुगावांचा मृत्यू काही पुस्तकं १८१५ देतात, म्हणजे शिष्य सहा वर्षांचा. काही १८६७ देतात, मग गणित बसतं. अशा नात्याला तुटक रेघ द्या. 'इतोसु, १० डॅन' (डॅन म्हणजे ब्लॅक बेल्टची श्रेणी) असं कुठे लिहिलेलं असेल तर तो नंतरचा मुलामा समजा. कराटेत डॅन पहिल्यांदा दिले गेले १९२४ साली.

रेघांची जात ठरवून घ्या. वर्षानुवर्षं शिकला तर सलग रेघ, ऐकीव असेल तर तुटक, शिबिरापुरता भेटला किंवा नुसता दर्जा मिळाला तर ठिपके. दोन दिवसांचं शिबिर आणि शेजारी उभं राहून काढलेला फोटो म्हणजे शिष्यत्व नव्हे.

आमच्या मते सगळ्यात भरवशाची साक्ष कागदाची नाही, काताची, म्हणजे ठरलेल्या क्रमानं एकट्यानं करायच्या हालचालींच्या संचाची. १९४५च्या लढाईत ओकिनावा या कराटेच्या मूळ बेटावरची कागदपत्रं जळाली, पण काता अंगात राहिले. पिनान, नाइहांची, पास्साई आणि कुशांकू हे काता असतील तर इतोसुंची बाजू; सांचिन आणि सुपारिंपेई असतील तर हिगाओन्नांची. शितो-र्यूत दोन्ही सापडतात, नावाला साजेसंच. क्योकुशिनमध्ये पिनानही आहेत आणि सांचिनही, कारण ओयामा मासुतात्सु शोतोकान आणि गोजू-र्यू दोन्ही शिकले होते. शोतोकानच्या यादीत सांचिन नाही.

पण नुसत्या नावांवर जाऊ नका, काता करायला लावा. फुनाकोशींनी पिनानचं हेइआन केलं, नाइहांचीचं तेक्की, कुशांकूचं कांकू, आणि पाच पिनानपैकी पहिल्या दोहोंची अदलाबदलही केली (शोदान म्हणजे पहिला, निदान म्हणजे दुसरा). मुलानं डावीकडे वळून गेदान बाराई, म्हणजे हातानं खालचा वार झटकणारा बचाव, केला आणि उजवा पाय टाकून ठोसा दिला, तर शोतोकानमध्ये तो हेइआन शोदान, शितो-र्यूत तोच पिनान निदान. डावीकडे वळताना दोन्ही हात वर गेले तर तो त्या जोडीतला दुसरा काता.

हिगाओन्ना कानर्यो यांच्या वर चीनमधल्या फूचौ शहरातले त्यांचे गुरू र्यू र्यू को येतात. हे नाव कानावरून आलेलं आहे आणि तो माणूस नेमका कोण यावर अभ्यासकांचं एकमत नाही. तिथे तुटक रेघ काढून थांबा. त्यावर शाओलिन मठ चिकटवू नका.

खालची बाजू, म्हणजे संस्थापकापासून आपल्या क्लासपर्यंतची, जिवंत माणसांना विचारून भरायची. ब्लॅक बेल्टच्या प्रमाणपत्रावरची सही आणि लाल शिक्का यांचा फोटो घ्या, पण सही करणारा परीक्षक असतो, शिकवणारा वेगळा असू शकतो. म्हणून 'सर, तुमचे गुरू कोण?' असं न विचारता 'सर, तुमचा पहिला काता कोणी बसवून घेतला, कोणत्या गावात, किती वर्षं?' असं विचारा. उत्तर त्यांच्याच शब्दांत सहाव्या रकान्यात लिहा, खाली तारीख टाका.