'वंचित' हा शब्द नेमका वापरायचा कसा?

परवा शेजारच्या काकूंच्या नातीचा आरटीईचा, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याखाली खाजगी शाळेत मोफत प्रवेशाचा फॉर्म भरत बसलो होतो, त्यात वंचित गट की दुर्बल घटक असं विचारतात, मी म्हटलं तुम्ही ओबीसी म्हणजे वंचित गट, तर काकू भडकल्याच, "आम्ही कसले रे वंचित? दोन वेळचं नीट खातोय की!"

तर पहिली गोष्ट, वंचित म्हणजे गरीब नव्हे. संस्कृतात वञ्च् म्हणजे फसवणं, वंचना आणि आत्मवंचना त्यातलेच, म्हणजे वंचित तो ज्याला त्याच्या हक्काचं मिळू दिलं नाही. आरटीईच्या 25 टक्के जागांतही हाच फरक आहे, दुर्बल घटकाला वर्षाला 1 लाखाच्या आतलं उत्पन्न दाखवावं लागतं, वंचित गटातल्या एससी, एसटी, ओबीसींना उत्पन्नाचा नाही तर जातीचा दाखला लागतो. किंवा बंगल्यात राहणारी बहीण घ्या. महाराष्ट्रात 1994 पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत वाटा आहे, तरी भाऊ गोड बोलून हक्कसोडपत्रावर सही घेतात. ती गरीब नाही, पण वाट्यापासून वंचित आहेच.

वाक्यात 'पासून' लावायचं, शिक्षणापासून वंचित, पाण्यापासून वंचित. 'चि' ऱ्हस्व, वंचीत लिहू नका प्लीज.

आता खरी गंमत क्रियापदात आहे. 'पात्र शेतकरी अनुदानापासून वंचित राहिले' असं छापून येतं ना, त्यात कोणी काही केलंच नाही, जणू पाऊस पडला नाही तसं अनुदान पडलं नाही! 'वंचित ठेवलं' लिहिलं की लगेच प्रश्न येतो, कोणी ठेवलं? म्हणून तक्रार अर्ज लिहीत असाल तर ठेवलं असंच लिहा आणि कोणी ते पण लिहा.

दलित, बहिष्कृत, उपेक्षित यांच्या जागी सरसकट वंचित टाकू नका. उपेक्षित म्हणजे नुसतं दुर्लक्ष. बहिष्कृत म्हणजे सरळ बाहेर काढलेला, बाबासाहेबांनी 1924 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढली तेव्हा नावातच सगळं सांगितलं. दलित म्हणजे दळलेला, चिरडलेला, आणि 1972 ला दलित पँथर संघटनेवाल्यांनी तो शब्द ताठ मानेने मिरवला. त्यापुढे वंचित जरा मऊ वाटतो, सरकारी कागदांना आवडतो तो त्यामुळेच असावा असं माझं मत.

आणि पक्षाचं (वंचित बहुजन आघाडीचं) नाव असेल तर 'वंचितने उमेदवार दिला', माणसं असतील तर 'वंचितांनी मोर्चा काढला'. एका प्रत्ययाने भलतंच होतं. 'आज चहापासून वंचित' हे मित्रांत चालतं, निवेदनात नको.

काकूंना हे सगळं ऐकवलं, त्यांनी वंचित गटावर टिक करू दिलं, वर म्हणाल्या, "बिल्डिंगमध्ये बोलू नकोस हां कुठे."