तैलरंगात स्थिरचित्र: सगळी गोम बरणीच्या सावलीत

इंटरमीजिएटला स्थिरचित्राचा पेपर दिलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात एक मांडणी घट्ट बसलेली असते: पितळी तांब्या, दोन सफरचंदं आणि मागे निळ्या कापडाच्या चुण्या. पुढे वीसेक वर्षांनी हौस म्हणून तैलरंग घेतले की माणूस पहिलं चित्र नेमकं हेच काढायला बसतो. मीही बसले होते. ते चित्र सध्या आमच्याकडे विजेच्या मीटरची पेटी झाकायच्या कामी आलं आहे.

पितळ सुरुवातीला नको. घासलेला तांब्या म्हणजे फुगीर आरसा असतो. त्यात खिडकी दिसते, गजांची जाळी दिसते, तुमचा गाऊनसुद्धा दिसतो, आणि पिवळा रंग शोधायला गेलात तर जेमतेम चार पट्टे सापडतात. इटलीतल्या बोलोन्याचा चित्रकार मोरांदी (1890–1964) आयुष्यभर बाटल्या नि डबे रंगवत राहिला. चकाकी आड येऊ नये म्हणून तो बाटल्यांना आधी मॅट रंग फासून घ्यायचा. त्याला जे झेपवायचं नव्हतं, ते आपण पहिल्याच रविवारी कशाला अंगावर घ्यायचं?

मांडायला लोणच्याची चिनी मातीची बरणी घ्या. गळा तपकिरी-पिवळा, पोट पांढरं, ती जुनी. तिच्याशेजारी दोन कांदे आणि लाल भोपळ्याची फोड नव्हे, न कापलेला अख्खा लहान भोपळा ठेवा. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात निवडून घेता येतो आणि महिनाभर टिकतो. केळी दोन दिवसांत काळी पडतात, फुलं संध्याकाळपर्यंत माना टाकतात. शिकणाऱ्याला घाई करायला लावणारी वस्तू टेबलावर नकोच. बरणीला चकाकी असते, पण एका ठिपक्यापुरती. तेवढी चालेल.

सामान

टायटॅनियम व्हाइट (मोठी ट्यूब), यलो ऑकर, लेमन यलो, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, क्रिमसन, अल्ट्रामरीन. शिकताना कॅमलच्या ट्यूबा पुरतात. काळा विकत घेऊ नका, कारण पुढे सांगते. ताठ केसांचे चपटे ब्रश 4, 8 आणि 10 नंबरचे, एक बारीक गोल, पॅलेट नाइफ (रंग कालवायची सुरी), टर्पेंटाइन, जवसाचं तेल, 12 बाय 16 इंचाचा प्राइम केलेला (अस्तर लावलेला) कॅनव्हास बोर्ड. रॉकेल टर्पेंटाइनच्या जागी चालतं असं कोणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या.

पॅलेट म्हणून काचवाल्याकडून एक काच कापून घ्या, कडा घासून मागा, आणि खाली खाकी कागद सरकवा. पांढऱ्या प्लेटवर कुठलाही रंग आहे त्यापेक्षा गडद भासतो, मग आपण भीतीने सगळंच फिकं रंगवतो. त्याच कारणाने आदल्या रात्री कॅनव्हासलाही बर्न्ट अंबरचा टर्पेंटाइनमधला पातळ हात फिरवून फडक्याने पुसून ठेवा.

उजेड

पुस्तकं सांगतात, उत्तरेच्या खिडकीशी बसा, तिथे ऊन येत नाही. ती पुस्तकं युरोपात लिहिलेली असतात. ठाणे 19 अंश उत्तरेच्या जरा वर आहे. मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तर भर दुपारीही तो किंचित उत्तरेलाच असतो. म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीत, नेमका वेळ असतो तेव्हा, सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतूनही तिरकं ऊन आत येतं. त्यात समोरच्या टॉवरला गुलाबी रंग दिलेला असेल तर तुमची पांढरी बरणी दुपारभर गुलाबी. आमच्याकडे तेच आहे.

उपाय साधा आहे. मिक्सरचं किंवा ओव्हनचं मोठं खोकं घ्या, पुढची आणि डावी बाजू कापा, आत करड्या रंगाचं कापड लावा आणि बरणी त्यात ठेवा. खिडकी डावीकडे येऊ द्या. उजेड एकाच बाजूने यायला हवा, आणि तुमच्या कॅनव्हासवरही साधारण तेवढ्याच ताकदीचा पडायला हवा. रात्री काम करणार असाल तर एकाच प्रकारचे दोन पांढरे एलईडी दिवे, एक खोक्याला, एक कॅनव्हासला. घरातली ट्यूबलाइट बंद. यावरून आमच्याकडे भांडणं झाली आहेत.

रेखाटन

पातळ अंबरने, बारीक ब्रशने, दहा मिनिटांत. बरणीचा मध्य उभ्या रेषेने आखून दोन्ही बाजू सारख्या आहेत ना ते बघा, बस्स.

सावली

आता इथे थांबा. या टप्प्यावर मी दोन वर्षं अडकले होते आणि मला ज्यांनी ज्यांनी सल्ला दिला त्या सगळ्यांनी चुकीच्या ठिकाणी बोट ठेवलं. ज्या क्लासला जात होते तिथे सांगायचे, 'शेडिंग मऊ करा, ब्रश फिरवा.' फिरवत बसले. बरणीचा फुगा झाला.

उजेड डावीकडून येतोय, म्हणजे बरणीचं उजवं पोट सावलीत. ते मी पांढऱ्यात चिमूटभर काळा घालून रंगवायचे, कारण बरणी पांढरी आहे हे मला माहीत होतं. घोळ त्या माहीत असण्यातच होता. प्रत्यक्षात सावलीतलं ते पांढरं पोट उजेडातल्या तपकिरी गळ्यापेक्षा गडद होतं. वाचून पटणार नाही. मलाही पटलं नव्हतं. मग एका जाड करड्या पुठ्ठ्याला पंचिंग मशीनने दोन भोकं पाडली, एक डोळा मिटला आणि पुठ्ठा हात लांब करून असा धरला की एका भोकातून गळ्याची उजेडातली बाजू दिसावी आणि दुसऱ्यातून पोटाची सावली. दोन ठिपके. कुठला तपकिरी आणि कुठला पांढरा ते डोक्यातून गेलं, आणि पांढऱ्याचा ठिपका सरळसरळ काळवंडलेला दिसला. हा पुठ्ठा करा. कुठल्याही महागड्या ब्रशपेक्षा जास्त शिकवतो.

आता रंग कालवायचे, आणि ते कॅनव्हासला हात न लावता. प्रत्येक वस्तूसाठी तीन ढिगल्या: उजेड, मधला, सावली. बरणीला दोन रंग आहेत म्हणून तिच्या सहा. यात पाऊण तास जातो आणि तो जाऊ द्यायचा. ढिगली तयार झाली की सुरीच्या टोकावर थोडा रंग घ्या, एक डोळा मिटा, आणि सुरी बरणीच्या त्या भागाला दिसायला चिकटेल अशी मध्ये धरा. मात्र सुरी कॅनव्हासवर पडणाऱ्या उजेडातच हवी. बरणीवरच्या झोतात नेलीत तर हिशोब चुकतो. ओला रंग चकाकत असेल तर सुरी जरा तिरकी करा. आता डोळे किलकिले करा. सुरीवरचा रंग उठून दिसतोय का, की मागे विरघळतोय? उठून दिसला तर परत काचेवर.

पहिल्यांदा हे केलं तेव्हा पोटाच्या सावलीची ढिगली मला पाच वेळा गडद करावी लागली. पाचव्या वेळी सुरीवर जे होतं त्याचा रंग ओल्या सिमेंटसारखा होता. पांढऱ्या बरणीला ओलं सिमेंट फासायचं? हात धजावेना. फासलं, दोन पावलं मागे गेले, तर पोट गोल.

सावली काळ्याने करायची नाही. पिवळ्यात काळा पडला की हिरवट होतो, आणि तुमचा भोपळा नासका दिसतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना कालवलेत की जवळजवळ काळाच रंग मिळतो. निळा वाढवला की थंड, सिएना वाढवला की उबदार. त्यात पांढरा घालत बरणीच्या सावलीपर्यंत या. गळ्याची सावली करताना पांढरा अजिबात नको, नाहीतर राख फासल्यासारखी दिसते. कांद्याला सिएनामध्ये क्रिमसन, सावलीकडे अल्ट्रामरीन.

एक मोह टाळाच. सावलीच्या अगदी कडेला, टेबलाचा उजेड परत उसळून येतो तिथे, एक उजळ पट्टी दिसते. ती सापडल्याचा इतका आनंद होतो की आपण ती खडूसारखी रंगवतो आणि बरणी पत्र्याची होते. एकाच रंगाच्या पृष्ठभागावर सावलीतला सगळ्यात उजळ भागसुद्धा उजेडातल्या सगळ्यात गडद भागापेक्षा गडदच असतो. शंका आली की पुठ्ठा.

आणि मोबाइलवर फोटो काढून त्यावरून रंगवू नका. कॅमेरा सावल्या काळ्याकुट्ट करतो आणि त्या काळ्यात जे असतं तेच तर बघायला आपण बसलोय.

रंगवणं

ढिगल्या बरोबर असतील तर आता विशेष काही उरत नाही. आधी सगळ्या सावल्या, टेबलावर पडलेल्या धरून, पातळ. मग मधले, मग उजेड जाड. ठिगळं शेजारी शेजारी ठेवा, घोटू नका. पंख्याच्या आकाराचा ब्रश घेऊन सगळं गुळगुळीत करायला सांगणारा व्हिडिओ दिसला तर बंद करा. टेबलावरची सावली बरणीच्या बुडाशी धारदार आणि लांब गेली की मऊ. चकाकीचा ठिपका सर्वांत शेवटी, एकदाच, जाड. चुकला तर सुरीने उचलून पुन्हा. तो पुसत बसलात की खालचं सगळं चिखल होतं.

दुसऱ्या बैठकीत वरून काम करायचं असेल तर पहिला थर टर्पेंटाइनने पातळ केलेल्या रंगाचा आणि वरचा तेल घातलेल्या रंगाचा, उलट कधीच नाही. खाली तेलकट थर असेल तर तो वरच्या वाळलेल्या थराखाली हलत राहतो आणि चित्राला भेगा पडतात.

आवराआवर

ब्रश आधी फडक्याने पुसा, मग टर्पेंटाइन, मग अंगाचा साबण. वापरलेलं टर्पेंटाइन बेसिनमध्ये ओतू नका. बरणीत ठेवून द्या, गाळ खाली बसतो आणि वरचं पुन्हा वापरता येतं. (लोणच्याच्या बरणीत नव्हे.)

जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून डब्यात टाकायची नाहीत. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं, त्यात उष्णता तयार होते, आणि बोळ्यात ती अडकली की फडकं आपोआप पेट घेतं. गॅलरीच्या जाळीवर एकेक पसरून वाळवा, किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

वाळवण

अंबर एक-दोन दिवसांत हाताला लागेनासा होतो, पांढरा आठवडा घेतो, आणि आपल्या जुलैत त्याहून जास्त. पंख्याखाली ठेवा. कपाटात कोंडलंत तर तेल पिवळं पडतं. चुकून पडलंच तर चित्र काही दिवस उजेडात ठेवा, बरंचसं परत उजळतं. बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. पावसाळ्यात त्या भिंतीला ओल येते, आणि मला एकदा सप्टेंबरमध्ये कॅनव्हासच्या पाठीवर बुरशीचे हिरवे गोल सापडले होते, बरणीच्या अगदी बरोबर मागे.

वार्निश सहा महिने तरी नाही. आणि ते दिवाळीनंतर, कोरड्या दिवसांत लावा. दमट हवेत लावलेलं वार्निश धुरकट होतं, आणि मग सगळ्या सावल्यांवर धुकं चढतं.