इथरची बाटली आणि तिच्यावरची तारीख : लॅबमध्ये नवीन लागलेल्यांसाठी

बीएस्सी केमिस्ट्री करताना आपल्या डोक्यात एकच भीती बसलेली असते, ॲसिडची. सल्फ्युरिक सांडलं की भाजणार, नायट्रिकने बोटं पिवळी होणार, हे सगळं पाठ. मी अंधेरी एमआयडीसीत एका फूड टेस्टिंग लॅबमध्ये ट्रेनी म्हणून लागले तेव्हा ॲसिडच्या बाटलीला दोन दोन ग्लोव्ह घालून हात लावायचे आणि डायइथिल इथरची (फॅट विरघळवून काढायचं सॉल्व्हंट, लॅबमध्ये नुसतं 'इथर') बाटली मात्र काखेत मारून स्टोअरमधून टेबलापर्यंत घेऊन यायचे. पाण्याहून पातळ, वास गोडसर, हातावर सांडलं तर गार लागतं आणि उडून जातं, याला काय घाबरायचं?

आमच्या सीनियर मॅडमनी मला तसं येताना बघितलं आणि फक्त एवढंच म्हणाल्या, "ॲसिड सांडलं तर तुझा हात जाईल, हे फुटलं तर रूम जाईल." तेव्हा मला वाटलं मॅडम जरा जास्तच बोलतायत.

इथर ३४.६ डिग्रीला उकळतं. आता मुंबईतला मे आठवा. आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी एसी बंद व्हायचे ते सोमवारी सकाळी चालू, मधे पश्चिमेकडच्या खिडकीतून दीड दिवस ऊन आत. सोमवारी बाटलीचं झाकण फिरवलं की फुस्स करून आवाज यायचा, सोडा वॉटरसारखा. म्हणजे बाटलीतलं लिक्विड जवळजवळ उकळण्याच्या बेतात बसलेलं असतं आणि आपण त्यावर तोंड वाकवून झाकण उघडतोय. झाकण नेहमी फ्यूम हूडमध्ये (वाफ बाहेर ओढणारं कपाट), बाटली थोडी गार झाल्यावर, चेहरा लांब ठेवून हळूहळू उघडायचं. सेपरेटिंग फनेलचं (दोन थर वेगळे करायचं खाली तोटी असलेलं भांडं) पण तेच, हाताच्या उबेनेसुद्धा आत प्रेशर होतं, त्यामुळे एकदा हलवलं की लगेच उलटं करून स्टॉपकॉकने, म्हणजे त्या तोटीने, हवा सोडायची आणि त्याचं तोंड शेजारच्या माणसाकडे नाही तर हूडच्या आत. मी एकदा शेजारच्याच्या चष्म्यावर उडवलंय, चष्मा होता म्हणून ठीक.

दुसरा आकडा म्हणजे फ्लॅश पॉइंट, उणे ४५ डिग्री. लिक्विडवर पेट घेण्याइतकी वाफ ज्या तापमानाला जमते ते हे तापमान, म्हणजे फ्रीजमध्ये ठेवलं तरी इथर पेटायला तयारच असतं. बरेच जण उन्हाळ्यात सरळ घरगुती फ्रीजमध्ये ठेवतात आणि ते सगळ्यात वाईट, कारण फ्रीजच्या थर्मोस्टॅटमध्ये आणि दिव्याच्या स्विचमध्ये बारीक ठिणगी पडते आणि आत तर वाफ कोंडलेली. आत ठिणगी न पडणारे लॅबचे वेगळे फ्रीज मिळतात, तो नसेल तर बाटली सॉल्व्हंटच्या कपाटात, उन्हापासून लांब, बस.

वाफ हवेपेक्षा साधारण अडीच पट जड, हे पुस्तकात वाचून मला काही कळलं नव्हतं. कॉलेजमध्ये दोन टेबलं पलीकडे कुणाचा तरी बर्नर चालू होता आणि आमच्या टेबलावर इथर एक्स्ट्रॅक्शन (इथरमध्ये पदार्थ ओढून घेणं), तर लॅबमधले मामा धावत आले आणि आधी बर्नर बंद केला, मग आमच्याकडे बघून जे काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. आम्ही म्हटलं एवढा लांब आहे की, तर म्हणाले, पावसाळ्यात हिंदमाताला पाणी कसं जमतं बघितलंय ना, वाफ तशी खाली सरकत जाते, तुम्हाला दिसत नाही एवढंच. मला फ्लॅशबॅक त्या दिवशी कळला. वाफ वाहत जाऊन लांब कुठेतरी पेटते आणि आग त्याच रस्त्याने बाटलीपर्यंत परत येते. ज्योतच पाहिजे असंही नाही, तापलेल्या हॉट प्लेटचा पत्रा पुरतो, कारण १६० ते १८० डिग्रीच्या आसपास इथर आपोआप पेटतं. म्हणून इथर उडवायचं तर गरम पाण्याच्या बाथवर आणि हूडमध्येच. आग लागलीच तर पाणी मारू नका, इथर पाण्यापेक्षा हलकं, ते जळत जळत पाण्यावर तरंगत पुढे जातं. डीसीपी (ड्राय केमिकल पावडर) किंवा सीओटूचा सिलिंडर कुठे टांगलाय ते पहिल्या दिवशीच बघून ठेवा, आणि आग हाताबाहेरची वाटली तर सिलिंडर शोधत बसू नका, बाहेर पडा आणि १०१ लावा.

मधेच एक गोष्ट, कारण नवीन येणारा प्रत्येक जण यात फसतो आणि इंटरव्ह्यूत विचारतातही. पेट्रोलियम इथर हे इथर नाहीच. ते पेट्रोलियममधल्या हलक्या हायड्रोकार्बनचं मिश्रण, बाटलीवरचं ४०-६० म्हणजे त्याची उकळण्याची रेंज, डिग्रीत. पेटायला दोघंही सारखेच हरामखोर, पण पुढे जी पेरॉक्साइडची भानगड सांगतेय ती खऱ्या इथरची. दुधातलं फॅट काढायच्या रोझ-गॉटलिब मेथडमध्ये दोन्ही वापरतात, त्यामुळे टेबलावर दोन 'इथर' शेजारी शेजारी आणि घाईत कोण लेबल वाचतंय.

याच मेथडमध्ये माझ्या हातून झालं. अमोनिया, अल्कोहोल, दोन्ही इथर टाकून फॅट वर काढायचं, ते फ्लास्कमध्ये घ्यायचं, सॉल्व्हंट बाथवर पूर्ण उडवायचं आणि मग साधारण १०२ डिग्रीच्या ओव्हनमध्ये सुकवायचं. शुक्रवार, सहा वाजून गेलेले, मला ६:४० ची मेट्रो गाठायची होती, फ्लास्कच्या तळाला अजून थोडं इथर दिसत होतं, म्हटलं ओव्हनमध्ये उडेल की, सहाच्या सहा फ्लास्क आत ठेवले. दोनेक मिनिटांत धप्प असा आवाज आला आणि ओव्हनचं दार आपोआप उघडून भिंतीला आपटलं. मी समोर नव्हते, वजनं लिहायला बॅलन्सकडे गेले होते, एवढंच नशीब. हवेत इथरची वाफ २ टक्क्यांच्या जवळ गेली तरी स्फोट होऊ शकतो, आणि ओव्हनचा डबा केवढासा. सॉल्व्हंट ओव्हनमध्ये उडवायचं नाही. फ्लास्कला वास येत असेल तर तो ओव्हनसाठी तयार नाही.

आता तारखेचं. नव्या बाटलीची भीती आगीची, जुन्या बाटलीची भीती वेगळीच. इथर हवेतला ऑक्सिजन आणि उजेड खात हळूहळू पेरॉक्साइड बनवतं, ते इथरसारखं उडत नाही, म्हणून इथर उडवत गेलं की पेरॉक्साइड तळाला गोळा होतं आणि शेवटच्या काही थेंबांत ते तापून किंवा नुसतं घासून फुटू शकतं. म्हणून इथर कधीही कोरडं होईपर्यंत डिस्टिल करायचं नाही. फॅटच्या मेथडमध्ये तर आपण कोरडं करतोच, त्यामुळे तिथे इथर पेरॉक्साइड-फ्री असलंच पाहिजे, ही अट मेथडमध्येच लिहिलेली आहे आणि मी कित्येक दिवस ती वाचून पुढे जायचे. कंपन्या बीएचटी नावाचं स्टॅबिलायझर घालतात, पण डिस्टिल केलेल्या इथरमध्ये ते येत नाही, मागे राहतं. आपण 'शुद्ध' केलेलं इथर उलट लवकर बिघडतं.

टेस्ट अगदी सोपी. १० मिली इथरमध्ये १ मिली १० टक्के पोटॅशियम आयोडाइडचं ताजं सोल्युशन घालून हलवायचं आणि अंधारात थोडा वेळ ठेवायचं, खालचा पाण्याचा थर पिवळा झाला तर पेरॉक्साइड आहे. स्ट्रिप्सही मिळतात. पण टेस्ट करायची ती ज्या बाटलीची तारीख माहीत आहे तिचीच. आमच्या स्टोअरमध्ये मागच्या फळीवर एक अर्धी तपकिरी बाटली निघाली, लेबल उडालेलं, झाकणाच्या कडेला पांढरे दाणे. नवा मुलगा झाकण फिरवायला गेला आणि मॅडम एवढ्या जोरात ओरडल्या की मी त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. झाकणाच्या आट्यांमध्ये दाणे असतील तर फिरवणंच पुरेसं असतं. अशी बाटली उघडायची नाही, हलवायची नाही, उचलून बघायची पण नाही, लोकांना लांब करायचं आणि सेफ्टीवाल्याला सांगायचं. ती खोली दोन दिवस बंद होती आणि बाहेरची माणसं येऊन घेऊन गेली. टीएचएफ आणि डायऑक्झेन या सॉल्व्हंटनाही हाच रोग, आणि आयसोप्रोपिल इथरला तर सगळ्यात जास्त.

बाकी किरकोळ. पातळ नायट्राइल ग्लोव्ह इथरला फार वेळ थोपवत नाही, ओला झाला की बदला. डोकं जड वाटलं, झोप आली तर कामाचा कंटाळा समजू नका, १८४६ मध्ये बॉस्टनला याच वाफेने पेशंटला बेशुद्ध करून ऑपरेशन केलं होतं, बाहेर हवेत जा. उरलेलं सिंकमध्ये ओतायचं नाही, वाफ ड्रेनमध्ये पसरते. वेस्टच्या कॅनमध्ये टाका आणि कॅनवरही तारीख घाला, कारण घातक कचरा ९० दिवसांपेक्षा जास्त साठवायचा नाही असा २०१६ चा नियम आहे आणि ऑडिटला तेच बघतात.

बाटलीवर दोन तारखा, कधी आली आणि कधी उघडली. आम्ही उघडल्यापासून तीन महिने धरतो, काही लॅब सहा धरतात, तुमच्या एसओपीत (लॅबच्या लेखी कार्यपद्धतीत) जे असेल ते. मार्करने लिहू नका, सॉल्व्हंटचा ओघळ आला की शाई पुसली जाते, त्या बाटलीचं तेच झालं असणार. कागदी स्टिकरवर पेन्सिलने लिहायचं आणि वरून सेलोटेप. माझ्या ॲप्रनच्या खिशात अजून पेन्सिल असते, नवी पोरं हसतात, हसू देत.