रीबूट केलं, पण ग्रब आलाच नाही

ग्रब म्हणजे मशीन सुरू होताना लिनक्सचा कर्नल (सिस्टमचा गाभा) लोड करणारा बूटलोडर. त्याच्या सेटिंगमध्ये कर्नलसाठी नवा पॅरामीटर टाकला, अपडेट-ग्रब चालवलं, रीबूट केलं. मेन्यू न दिसता थेट लॉगिन आलं आणि /प्रॉक/सीएमडीलाइनमध्ये (चालू कर्नलला मिळालेले पॅरामीटर दाखवणारी फाइल) पॅरामीटर जुनेच. अशा वेळी ग्रब पुन्हा इन्स्टॉल करत बसू नका. बहुधा गाडी ग्रबपर्यंत गेलेलीच नसते.

याच्या मुळाशी असतं केएक्झेक. चालू कर्नल दुसरा कर्नल रॅममध्ये भरून ठेवतो आणि रीबूटच्या वेळी थेट त्यात उडी घेतो. बायोस नाही, यूईएफआय नाही (ही मशीन सुरू करणारी फर्मवेअर), बूटलोडर नाही. कर्नल, इनिटआरडी (सुरुवातीला लागणाऱ्या फाइल्सचा संच) आणि कमांड लाइन (कर्नलचे पॅरामीटर) हे तिन्ही भरतानाच ठरतं. मागाहून ग्रबमध्ये काहीही लिहा, ते वाचणारं कुणी नसतं. ग्रब-रीबूट या कमांडने 'या वेळी विंडोज' सांगितलेलंही त्या रीबूटला लागू होत नाही.

खात्री करायला /प्रॉक/सिस/कर्नल/बूटलोडर_टाइप ही फाइल कॅट कमांडने वाचा. एक्स८६ मशीनवर २०८ आलं तर सध्याचं बूट केएक्झेकचं. जुन्या बायोसवर ग्रब २ मधून आलं असेल तर ११४ दिसतं. पुढचं रीबूट कसं होणार हे /सिस/कर्नल/केएक्झेक_लोडेड सांगते: १ म्हणजे कर्नल भरून तयार आहे. शेजारच्या केएक्झेक_क्रॅश_लोडेडमध्ये १ असेल तर घाबरू नका, ते केडंपचं (कर्नल कोसळला तर मेमरीची नोंद घेणारी सोय). त्याचा साध्या रीबूटशी संबंध नाही.

नव्या सिस्टमडीत (सर्व्हिसेस आणि रीबूट सांभाळणारा प्रोग्रॅम) खरी मेख आहे. कुठल्या तरी स्क्रिप्टने केएक्झेक -एल चालवून कर्नल भरून ठेवला असेल, तर साधं सिस्टमसीटीएल रीबूटसुद्धा आपणहून केएक्झेकच करतं. रूट म्हणून केएक्झेक -यू चालवून भरलेला कर्नल काढा, केएक्झेक_लोडेड फाइलमध्ये ० आलं का पाहा, मगच रीबूट करा. तेवढ्या वेळेपुरतं टाळायचं असेल तर कमांडच्या आधी सिस्टमसीटीएल_स्किप_ऑटो_केएक्झेक=१ लावा (ही नावं मशीनवर अर्थातच रोमन लिपीत; हा व्हेरिएबलही पूर्ण कॅपिटलमध्ये).

डेबियनवर केएक्झेक-टूल्स हे पॅकेज टाकताना 'रीबूट मी सांभाळू का?' असा प्रश्न येतो. तो सिसव्हीइनिटपुरता (सिस्टमडीच्या आधीची जुनी व्यवस्था) असतो, आणि घाईत 'हो' दाबलं जातं. उत्तर /ईटीसी/डीफॉल्ट/केएक्झेकमध्ये लोड_केएक्झेक या ओळीत असतं. तिथे फॉल्स करा. केएक्झेक ठेवायचंच असेल तर त्याच फाइलमधलं यूझ_ग्रब_कॉन्फिग ट्रू करा.

ज्या सर्व्हरला हार्डवेअर तपासण्यातच मिनिटं लागतात, तिथे केएक्झेक खुशाल वापरा. पण बायोस अपडेट केलं असेल, बायोसचं सेटिंग बदलायचं असेल किंवा ग्राफिक्स वा नेटवर्क कार्ड अडकलं असेल, तर फर्मवेअरमधून जाणारं पूर्ण रीबूटच हवं. केएक्झेकमध्ये हार्डवेअर रीसेट होत नाही. अडकलेलं कार्ड नव्या कर्नललाही तसंच अडकलेलं मिळू शकतं. पूर्ण रीबूटनेही ते सुटलं नाही, तर मशीन बंद करून प्लग काढा.