व्हायरल आवाहन आलं? देणगी पाठवण्याआधी हे तपासा

नाकात नळी घातलेल्या एका बाळाचा फोटो आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर आला, तेव्हा मी लगेच पाचशे रुपये पाठवले. खाली लिहिलं होतं, 'फक्त ४८ तास उरलेत, विचार करत बसू नका.' मी विचार केला नाही. सव्वा वर्षानं तोच फोटो मामेबहिणीनं पाठवला. बाळ तेवढंच, नळी तीच, अंगावरचं पिवळं दुपटंही तेच. गाव मात्र नांदेडचं नाशिक झालं होतं आणि क्यूआर कोड वेगळा होता. ते बाळ कोणाचं, मला आजही माहीत नाही. पैशापेक्षा दुसरीच गोष्ट मनाला लागली. ते पाचशे रुपये पाठवले, त्याच महिन्यात आमच्या स्वयंपाकाच्या मावशींनी नातवाच्या ऑपरेशनसाठी मदत मागितली होती, आणि मी त्यांना 'या वेळी जमणार नाही' म्हटलं होतं.

देणं मी बंद केलं नाही. पाठवण्याआधी अर्धा तास काढते, एवढंच. तो कसा वापरायचा, ते सांगते.

पहिली पायरी: मजकूर आणि फोटो

फोटो गूगल लेन्समध्ये टाकून बघा. तो वर्षानुवर्षं वेगवेगळ्या नावांनी फिरत असेल तर तिथंच थांबा. कुठं सापडला नाही, म्हणजे आवाहन खरं ठरलं असं नाही, पुढं तपासायचं. मजकुरात हॉस्पिटलचं नाव, वॉर्ड, डॉक्टर, आजार, खर्चाचा अंदाज आणि तारीख आहे का? 'मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात' हा काही पत्ता नव्हे.

आकडा अवाढव्य आहे म्हणून मात्र आवाहन खोटं समजू नका. स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी या स्नायू दुबळे करणाऱ्या आजारावरच्या झोलजेन्स्मा या औषधाची किंमत २०२१ मध्ये १६ कोटी रुपयांच्या घरात होती. त्याच वर्षी मुंबईतल्या एका बाळासाठी एवढी रक्कम खरोखर लोकांनी जमवली आणि केंद्र सरकारनं त्या औषधावरचं आयात शुल्क व कर माफ केला.

दुसरी पायरी: हॉस्पिटलला फोन

सगळ्यात जास्त उपयोग या एका फोनचा होतो आणि नेमका तोच आपण टाळतो. मेसेजमधला नंबर वापरू नका. हॉस्पिटलच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा नंबर शोधा. सरकारी किंवा महापालिकेचं हॉस्पिटल असेल तर समाजसेवा अधीक्षकांना जोडून द्या म्हणावं, खासगी असेल तर समाजसेवा विभाग किंवा बिलिंग. रुग्णाच्या आजाराबद्दल ते सांगणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. तुम्ही विचारायचं ते इतकंच: 'या नावाचे रुग्ण तुमच्याकडे आहेत का, आणि त्यांच्या बिलात मला थेट पैसे भरता येतील का?' दुसऱ्या प्रश्नाला 'हो' आलं की निम्मी काळजी मिटते. मुंबईत केईएम, सायन, नायर या पालिकेच्या हॉस्पिटलांमध्ये गरीब रुग्णांसाठी 'पुअर बॉक्स चॅरिटी फंड' असतो. तिथं धनादेश देऊन पावती घेता येते.

घरच्यांशी बोलणं झालं तर आणखी एक विचारा: सरकारी योजनेसाठी अर्ज केलाय का? हा संशय नव्हे, ही मदत आहे. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक नुसार मोठ्या धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. दुर्मिळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणात ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे, आणि त्यासाठी नेमलेल्या केंद्रांमध्ये मुंबईचं केईएम आहे. गावाकडून पेशंट घेऊन आलेल्या, आठवडाभर कॉरिडॉरमध्ये झोपणाऱ्या माणसाला यातलं कोणीच सांगितलेलं नसतं. अशा वेळी तुमच्या हजार रुपयांपेक्षा तुमची दहा मिनिटं त्याला जास्त उपयोगी पडतात.

तिसरी पायरी: पैसे कोणाच्या खात्यात?

मार्च २०२० मध्ये पीएम केअर्स निधी सुरू झाला आणि लगेच त्याच्यासारखे दिसणारे खोटे यूपीआय पत्ते फिरू लागले. खऱ्या पत्त्यात 'केअर्स' होतं, खोट्यात 'केअर'. एका अक्षराचा फरक. म्हणून पिन टाकण्याआधी ॲपवर दिसणारं बँकेतलं नाव मोठ्यानं वाचा. रुग्णाचं, आईवडिलांचं किंवा हॉस्पिटलचं नाव नसेल, भलत्याच 'स्वयंसेवका'चं असेल, तर पाठवू नका. क्राउडफंडिंगच्या, म्हणजे लोकांकडून ऑनलाइन वर्गणी गोळा करणाऱ्या, संकेतस्थळावरून देणार असाल तर पैसे हॉस्पिटलला जातात की व्यक्तीला, ते बघा. काही ठिकाणी देणगीसोबत त्या संकेतस्थळाला द्यायची 'टिप' आधीच निवडलेली असते. ती ठेवायची की काढायची, ते तुम्ही ठरवा.

चौथी पायरी: संस्था असेल तर

महाराष्ट्रातल्या ट्रस्टची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे असते. नोंदणी क्रमांक मागा आणि पडताळा. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरही नाव शोधता येतं. पण नोंदणीनं संस्था कागदावर आहे एवढंच कळतं, काम कळत नाही. म्हणून मागच्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल मागा आणि सरळ विचारा: किती आले, पगारावर किती गेले, कामावर किती? पगारावर खर्च होणं वाईट नाही. चांगली नर्स, चांगला शिक्षक फुकट येत नाही. उत्तर द्यायला टाळाटाळ होणं वाईट. माझ्या अनुभवात ज्या संस्था खरंच काम करतात, त्यांना हा प्रश्न आवडतो. 'एकदा येऊन बघा' असंही त्या म्हणतात. जमलं तर जा.

करसवलतीसाठी देत असाल तर ८०जीची मान्यता आहे का ते विचारा. रोख २००० रुपयांच्या वर दिलेत तर सवलत मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत ही वजावट नाहीच. परदेशातल्या नातेवाइकांनाही एक सांगा: भारतीय पासपोर्ट असेल तर अडचण नाही, पण परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, अगदी ओसीआय कार्ड असलं तरी, ज्या संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणगी घेण्याची, परवानगी आहे तिलाच देणगी देता येते.

पाचवी पायरी: गोष्ट खरी, पण उपाय?

सगळं खरं असूनही पैसे वाया जाऊ शकतात. ५ मार्च २०१२ रोजी एका अमेरिकन संस्थेनं 'कोनी २०१२' हा अर्ध्या तासाचा व्हिडिओ टाकला. मुलांना पळवून सैनिक बनवणाऱ्या, आफ्रिकेतल्या युगांडाच्या बंडखोर जोसेफ कोनीला पकडा, अशी हाक होती. सहा दिवसांत तो १० कोटी वेळा पाहिला गेला. ३० डॉलरला पोस्टर आणि ब्रेसलेटचा संच विकला जात होता. कोनीचे अत्याचार खरेच होते. पण तो २००६ च्या सुमारासच युगांडा सोडून गेला होता. उत्तर युगांडातल्या लिरा शहरात, जिथल्या लोकांनी हे सगळं भोगलं होतं, तिथं व्हिडिओ दाखवला तेव्हा लोक इतके संतापले की पुढचे खेळ रद्द करावे लागले. आपल्या दुःखाच्या नावानं पोस्टर विकलेली त्यांना कशी सहन व्हावीत?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला पूर आला तेव्हा आमच्या भागातून जुने कपडे भरून टेम्पो गेले. माझ्या आत्याच्या गल्लीत लोक मागत होते खराटे, फिनेल आणि कोरड्या गाद्या. म्हणून देण्याआधी तिथल्या एका माणसाला विचारा: आज काय हवंय?

फसलात तर

लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

शेवटची पायरी: पुढे पाठवताना

खात्री झालेलं आवाहन फॉरवर्ड करताना वर स्वतः लिहा: कोणत्या तारखेला, कोणाशी बोलून खात्री केली. रक्कम पुरी झाली की तोही निरोप त्याच ग्रुपवर टाका.

मागच्या वर्षी एका मेसेजमधल्या नंबरवर मी फोन केला. एका वडिलांनी उचलला. ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "ताई, आमची मुलगी जाऊन दोन वर्षं झाली. पैसे नका पाठवू. तेवढा तो मेसेज थांबवता आला तर बघा. तिची आई फोन उचलते कधीकधी."