ब्लोअर मारायच्या आधी कीबोर्ड उलटा करा

मागच्या दिवाळीनंतर मी माझा कीबोर्ड साफ करायला घेतला आणि साफ करता करता बिघडवून ठेवला. आता परत तीच वेळ आलीये, फराळाचे डबे तळाला गेलेत आणि चिवड्यातलं जे पोटात गेलं नाही ते कीबोर्डमध्ये गेलंय. म्हणून या वेळी ब्लोअर हातात घ्यायच्या आधी काय काय करायचं ते लिहूनच काढतो, माझ्यासाठी आणि ज्याला हवं त्याच्यासाठी. ब्लोअर म्हणजे तो चार्जिंगचा, एका हातात मावणारा, ज्याच्या बॉक्सवर लाखभर आरपीएम वगैरे छापलेलं असतं. एसी सर्व्हिसिंगवाले आणतात तो वायरचा मोठा ब्लोअरही चालेल, पण लांबून आणि स्पीड कमी करून, नाहीतर कीकॅप, म्हणजे कीवरची अक्षराची प्लास्टिकची टोपी, शोधायला खाली पार्किंगमध्ये जावं लागेल.

वायर काढा. वायरलेस असेल तर बटन ऑफ. कीकॅप काढणार असाल तर आधी फोटो काढा, अक्षरं सगळ्यांना पाठ असतात, माणूस अडकतो ते उजवीकडच्या इन्सर्ट, होम, एंडच्या घोळात.

आता मुख्य. कीबोर्ड उलटा करा. ब्लोअर चालू करायच्या आधी. कीज जमिनीकडे, पाठ छताकडे, आणि मग पाठीवर तळहाताने हलके पंधरा-वीस थापा मारा. एवढ्यानेच निम्मा कचरा पडतो, खोटं वाटत असेल तर खाली पांढरं फडकं टाकून बघा. माझ्या कीबोर्डमधून शेव, दाण्याची सालं, नखाचा तुकडा आणि एक स्टेपलची पिन पडली, पण ते यंदा. मागच्या वर्षी मी हे केलंच नाही. नवा ब्लोअर आला होता, हात शिवशिवत होते, कीबोर्ड टेबलावर सरळ ठेवला, बारीक नोझल लावला, फुल स्पीड केला आणि वरून सरळ खाली हवा मारली. पहिल्या दोन सेकंदात एवढा कचरा उडाला की मी खूश.

हे का चुकलं ते सांगतो. मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक कीखाली वेगळा स्विच असतो, कीकॅप काढली की अधिकच्या चिन्हासारखं छोटं दांडकं दिसतं ते त्याचं. त्या दांडक्याच्या बाजूला केसभर फट असते, आणि आत पातळ पत्र्याच्या दोन पट्ट्या, की दाबली की त्या एकमेकींना टेकतात आणि अक्षर उमटतं. वरून हवा मारली की मोठा कचरा बाहेर उडतो आणि बारीक तेलकट पूड त्या फटीतून आत जाते. मग पट्ट्या धड टेकत नाहीत, टेकतात-सुटतात-टेकतात, आणि एकदा दाबलेली की दोनदा उमटते. माझी ए ची की गेली, कारण ताटली नेहमी डावीकडे असते. मी मराठी फोनेटिकने, म्हणजे इंग्रजी अक्षरांतून, टाइप करतो, तिथे ए दोनदा पडला की काना येतो. ऑफिसच्या ग्रुपवर ‘हो सर’ लिहिलं ते ‘हो सार’ गेलं, सरांनी विचारलं, कोकमाचं का? पासवर्डमध्ये ए दोनदा आहे, म्हणजे चार वेळा पडायला लागला आणि तिसऱ्या दिवशी अकाउंट लॉक झालं, ते वेगळंच. कीबोर्ड सोल्डरवाला, स्विच नुसता ओढून निघत नाही, शेवटी मोबाईल रिपेअरवाल्याकडून बदलून घेतला, २५ रुपयांचा स्विच आणि ३०० रुपये मजुरी. उलटा केला असता तर फुकटात झालं असतं.

नुसता उलटा करून थापा मारायच्या आणि मग परत सरळ ठेवून हवा मारायची, असंही नाही. हवा मारतानाही उलटाच. डाव्या हाताने वरची कड धरायची, कीज खाली आणि थोड्या आपल्याकडे तिरप्या, आणि ब्लोअर खालून, एका बाजूने, आडवा फिरवायचा, म्हणजे जे सुटेल ते खाली पडेल. हाताला रग लागते, लागू दे, दोन मिनिटांचं काम आहे. ते हवेचे कॅन मिळतात त्यात हे जमत नाही, कारण त्यात खरं तर हवा नसतेच, दाबून द्रव केलेला वायू असतो, कॅन तिरपा-उलटा झाला की बर्फासारखा गार द्रव बाहेर येतो, आणि काही कॅनमधला वायू पेटही घेतो. मोटरच्या ब्लोअरला ही भानगड नाही, तो खोलीतलीच हवा ओढून फेकतो, कसाही धरा. म्हणजे ज्या यंत्राने खालून हवा मारणं सोपं झालं ते हातात असून मी वरून मारली. असो.

लॅपटॉपवाल्यांनी पण ऐका. तो पूर्ण उलटा करून एका हातात धरायला जाऊ नका, पडेल. त्या पातळ बटरफ्लाय कीबोर्डच्या मॅकबुकसाठी अ‍ॅपलने स्वतःच सांगितलंय, लॅपटॉप ७५ अंशात धरा, म्हणजे जवळजवळ उभा, डावीकडून उजवीकडे हवा मारा, मग उजव्या कुशीवर वळवून परत, मग डाव्या कुशीवर. आडवा ठेवून वरून मारा असं त्यांनीही कुठे म्हटलेलं नाही. तिथे नोझल अगदी जवळ धरायला सांगितलंय, अर्धा इंच, पण ते कॅनच्या हवेसाठी. फुल स्पीडच्या ब्लोअरने अर्ध्या इंचावरून मारलं तर लॅपटॉपची की उखडून येऊ शकते आणि तिच्याखालची ती कात्रीसारखी प्लास्टिकची क्लिप परत बसवणं म्हणजे डोळ्यांत पाणी. चार-पाच इंच लांब, दोन-तीन सेकंदांचे फटके, बस.

जागा. घरात नको. पंखा बंद करून पण नको, धूळ जाते कुठे, खालीच बसते, मग परत तुम्हीच पुसा. गॅलरीत करा, वारा पाठीमागून असू दे, आणि दोरीवर काय वाळतंय ते आधी बघा. बाबांचा पांढरा सदरा होता, बाकी सांगत नाही. खाली ओलं फडकं पसरा, पेपर उडतो. तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा, नंबरचा पण चालेल. आवाज मिक्सरसारखा येतो, घरात कोणी झोपलंय का बघून चालू करा.

ब्लोअर आदल्या रात्री चार्ज करा, फुल स्पीडला बॅटरी दहा-पंधरा मिनिटांत बसते आणि अर्ध्यात बसली की राहिलेलं काम पुढच्या रविवारवर जातं. मागची जाळी किंवा फिल्टर बघा, तिथे केस-धूळ अडकलेली असेल तर तीच हवेबरोबर कीबोर्डवर येईल. म्हणून चालू केल्यावर पहिला फटका गॅलरीबाहेर, कीबोर्डवर नाही. नोझल पिळून घट्ट बसवा. मागच्या बाजूला हवा ओढली जाते तिथे पडदा, ओढणी, मोकळे केस येऊ देऊ नका.

आणि हे सगळं जमवून झाल्यावर ब्लोअरच्या बटनावर बोट जाईल तेव्हा स्वतःला विचारा, कीबोर्ड उलटा आहे का? मी यंदा विचारलं आणि तो सरळच होता. चष्मा-मास्क सगळं चढवून, चार्जिंग बघून, फडकं ओलं करून, कीबोर्ड मात्र सरळ ठेवलेला. हाताला सवय ती असते. उलटा करा.

चहा सांडलेला असेल तर ब्लोअर नको, तो चिकट पाक आणखी आत पसरतो, त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाचा इअरबड.

कीकॅप काढायच्या तर तारेच्या पुलरने, प्लास्टिकच्या गोल कडीवाल्याने बाजूंना ओरखडे येतात. स्पेसबार, एंटर, शिफ्ट यांच्याखाली तार असते, सरळ वर ओढा, तिरकं नको. कीकॅप काढल्यावर तर स्विच उघडेच पडतात, म्हणजे तेव्हा उलटा धरणं आणखी गरजेचं, हे परत लिहितोय कारण आपण नेमकं तेव्हाच वरून बघत वरून मारतो. कीकॅप कोमट पाण्यात, भांड्यांच्या साबणात, कढत पाणी नको. मग फडक्यावर पालथ्या, एक दिवस, पावसाळ्यात दोन, दांडक्याच्या भोकात पाणी राहतं.

ब्लोअर हातात आहेच तर सीपीयूचा फॅन पण उडवू असं वाटेल. उडवा, पण मशीन बंद करून आणि पाती बोटाने धरून, मोकळा भिंगरीसारखा फिरवू नका.

मग फोटो बघून कीकॅप बसवा, नोटपॅड उघडा, सगळ्या कीज एकेकदा दाबा. ए दोनदा दाबून बघा. ब्लोअर गार झाल्यावर चार्जिंगला. सदरा परत धुवायला टाका.